शेरघाटीचा दगड



२५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील शेरघाटी येथे आकाशातून सुमारे ५ किलोचा दगड पडला. १८७२ मध्ये चेर्माक यांनी त्यात काचेसारखे एक नवे द्रव्य ओळखले. अशा दगडांच्या वर्गास पुढे ‘शेरगोटाइट’ म्हणू लागले. याच वर्गातील, अंटार्क्टिकात सापडलेल्या एका दगडात कोंडलेला वायू, वायकिंग यानांनी १९७६ मध्ये मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळतो, असे १९८३ मध्ये दिसून आले. हा वर्ग मंगळावरचा ठरला!

दगड जपला, प्रश्न जिवंत ठेवला, म्हणूनच शतकानंतर उत्तर मिळाले. पालकहो, मुलगा असो वा मुलगी, त्यांच्या प्रश्नांना गप्प बसवू नका; शिक्षण अर्ध्यावर तोडू नका.