जुना कॉम्प्युटर : जीर्णोद्धार कीं नवें बांधकाम?

घरांतील एखादी वस्तु जुनी झाली म्हणजे ती दुरुस्त करून वापरावी, कीं मोडीत काढून नवी आणावी, हा संसारांतील नित्याचा प्रश्न आहे. छत्री, घड्याळ, शिवणयंत्र यांच्याबाबत वाडवडिलांनीं तो आपापल्या परीनें सोडविलेला होता. परंतु घरांतील तरुण मुलें ज्या कॉम्प्युटरवर खेळ खेळतात, त्याच्याबाबत वडील मंडळी गोंधळतात आणि मुलें उतावीळ होतात. एकाच्या हातीं पैसा असतो, दुसऱ्याच्या हातीं माहिती असते. दोघे एकत्र बसत नाहींत, आणि मग घरांत वाद होतो.

खुलताबादेंतील अशाच एका घराची श्रोत्यांनीं कल्पना करावी. भद्रा मारुतीच्या वाटेवर वडिलांचें नारळ, रुईच्या माळा व प्रसाद यांचें लहानसें दुकान आहे. श्रावणांतील शनिवारीं व हनुमान जयंतीस तेथें पाय ठेवावयास जागा नसते; एरवीं आठवड्याचे कित्येक दिवस हात रिकामे. अशा कमाईंतून २०१७ सालीं मुलासाठीं कॉम्प्युटर घेतला. मुलगा तेव्हां शाळेंत होता. आतां तो छत्रपती संभाजीनगरास कॉलेजांत जातो व रात्रीं दूरच्या मित्रांशीं खेळतो. अलीकडे ऐन रंगांत आलेला खेळ अडखळतो, चित्र थिजतें आणि डाव हातचा जातो. एके दिवशीं तो म्हणाला, “बाबा, हा कॉम्प्युटर आतां संपला. सत्तर हजारांत चांगला नवा येईल. हप्त्यानें घेऊं.” वडिलांनीं वर न पाहतां उत्तर दिलें, “सत्तर हजार उरण्यासाठीं किती नारळ विकावे लागतात, तें आधीं सांग.” दहावींतील धाकटी बहीण दाराशीं उभी राहून हें ऐकत होती. तिला काय हवें, हें कोणीच विचारलें नाहीं.

या वादाचा निवाडा करण्यापूर्वीं शेजारच्या वेरुळाकडे पाहणें उपयुक्त होईल. तेथें दोन देवालयें आहेत. एक कैलास लेणें. राष्ट्रकूटांच्या कालीं, आठव्या शतकांत, एकाच खडकांतून वरून खालीं कोरून काढलेलें. त्यांतील एखादा खांब काढून दुसरा बसवूं म्हटलें तर तें होणें नाहीं. दुसरें घृष्णेश्वराचें मंदिर. तें दगडावर दगड रचून बांधलेलें, म्हणूनच अठराव्या शतकांत अहिल्याबाई होळकरांना त्याचा जीर्णोद्धार करतां आला. कॉम्प्युटरांतही हे दोन प्रकार आहेत. लॅपटॉप बराचसा कैलासासारखा. त्याचा प्रोसेसर व चित्र काढणारा भाग बहुधा मुख्य फळीवरच डाख दिलेला असतो. टेबलावरचा कॉम्प्युटर मात्र घृष्णेश्वरासारखा. त्याचा एकेक भाग सोडवितां येतो व बदलतां येतो. तेव्हां जीर्णोद्धाराचा विचार मुख्यतः टेबलावरच्या यंत्रापुरताच करावयाचा.

परंतु कोणताही गवंडी भिंत पाडण्यापूर्वीं ती कोठें गळते हें पाहतो. यंत्र मंद झालें एवढ्यावरून तें म्हातारें झालें असा निष्कर्ष काढणें घाईचें आहे. पहिला संशय धुळीवर घ्यावा. आंतील पंखे धुळीनें भरले म्हणजे हवा खेळत नाहीं. प्रोसेसर तापतो, आणि जळूं नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत हें विशेष घडतें. ब्रशानें धूळ काढून, प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट नवी लावली, तर किरकोळ खर्चांत यंत्र सुधारण्याचा पुष्कळ संभव असतो.

दुसरी परीक्षा खेळांतच करतां येते. पडद्यावरील चित्राची सूक्ष्मता, म्हणजे रेझोल्यूशन, मुद्दाम कमी करून पाहावें. तसें करतांच खेळ पळूं लागला, तर ओझें ग्राफिक्स कार्डावर पडत होतें असें समजावें. वेग जसाच्या तसा राहिला, तर अडचण बहुधा प्रोसेसरची आहे. खेळ उघडावयासच फार वेळ लागत असेल आणि मध्येंमध्यें आचके बसत असतील, तर जुनी फिरती हार्ड डिस्क किंवा अपुरी रॅम यांकडे पाहावें. ही परीक्षा फुकट आहे. आणि तिच्याविना केलेली खरेदी म्हणजे नाडी न पाहतां दिलेलें औषध होय.

आतां पायाचा विचार. मदरबोर्ड हा या यंत्राचा पाया होय. इतर भाग कोणते बसतील, हें तोच ठरवितो. २०१७ सालच्या खरेदीदारांत या बाबतींत नशिबाचा मोठा फरक पडला. इंटेल कंपनीच्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरसाठीं केलेल्या मदरबोर्डावर त्याच वर्षीं निघालेली आठवी पिढी चालली नाहीं. खोबणीचें नांव तेंच, पण व्यवस्था निराळी. उलट एएमडी कंपनीच्या एएम-४ पद्धतीच्या अनेक मदरबोर्डांवर, बायोस नांवाची आंतील आज्ञावली सुधारून, कित्येक वर्षांनीं निघालेले प्रोसेसरही बसवितां आले. दोन शेजाऱ्यांनीं सारखेच पैसे मोजले. एकाचा पाया दोन मजले आणखी पेलणारा निघाला, दुसऱ्याचा नाहीं.

पायाला दुसरीकडूनही ओल लागते. विंडोज १० या प्रणालीचा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. घरगुती वापरासाठीं सुरक्षा-सुधारणांची जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवण्यांत आली. विंडोज ११ साठीं इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढील प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीचे जवळजवळ सर्व प्रोसेसर त्या यादीबाहेर राहिले. आधार संपला म्हणून यंत्र बंद पडत नाहीं. परंतु नव्यानें सांपडणारीं भगदाडें बुजविणारा कोणी उरत नाहीं. आणि ज्या यंत्रावर दुकानाचा हिशेब व बँकेचा व्यवहार चालतो, तेथें ही गोष्ट खेळापेक्षां मोठी आहे. ग्राफिक्स कार्डाचीही तीच कथा. २०१६ सालचें जीटीएक्स १०५० टीआय हें कार्ड असंख्य घरांत गेलें. पण त्या पिढीच्या कार्डांसाठीं नव्या खेळांना अनुरूप सुधारणा देणें एनव्हिडिया कंपनीनें ऑक्टोबर २०२५ मध्यें थांबविलें. २०२५ सालच्या ‘डूम : द डार्क एजेस’ सारख्या खेळांना तर प्रकाशकिरणांचें गणित करणारें कार्डच लागतें. तें ज्या कार्डांत नाहीं, त्यावर असे खेळ चालतच नाहींत. तेथें झाडलोट कामाची नाहीं.

मग नियम कोणता? जो भाग उद्यां नव्या यंत्रांत नेतां येईल, त्यावर आज खर्च करावा. जो भाग जुन्या पायाशींच जखडलेला आहे, त्यावर करूं नये. एसएसडी, चांगला पॉवर सप्लाय, पडदा, आणि बहुधा ग्राफिक्स कार्ड, हीं पुढें नेतां येतात. जुना प्रोसेसर व जुन्या पद्धतीची रॅम यांचें तसें नाहीं; डीडीआर-४ रॅम डीडीआर-५ च्या खोबणींत बसत नाहीं. त्यांतच २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले. तेव्हां जुन्या पायासाठीं ती नवी घेण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. नवें ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वीं पॉवर सप्लाय तें पेलेल कीं नाहीं हेंही पाहावें. आरटीएक्स ३०६० हें कार्ड एकटेंच सुमारें १७० वॅट खातें. हलका, स्वस्त पॉवर सप्लाय अशा ओझ्याखालीं बसला तर इतर भागांनाही इजा होऊं शकते.

त्या घरांत पुढें काय व्हावें? एका सोमवारीं, दुकान सामसूम असतां, बापलेकांनीं मिळून पेटी उघडली. आंत करड्या धुळीचा लोकरीसारखा थर होता. वडील म्हणाले, “एवढी धूळ माझ्या दुकानांत असती, तर गिऱ्हाईक फिरकलें नसतें.” मुलगा ओशाळला. धूळ काढली, पेस्ट लावली, आणि फिरत्या डिस्कच्या जागीं एक लहानशी एसएसडी बसविली. मित्रांबरोबरचा रोजचा खेळ सुरळीत चालूं लागला. नवे भारी खेळ चालले नाहींत, आणि ते चालणारही नव्हते, हें मुलानें स्वतःच कागदावर मांडून दाखविलें; प्रोसेसर सातव्या पिढीचा, मदरबोर्ड पुढें जाऊं न देणारा, विंडोजचा आधार संपलेला. या वेळीं वडिलांनीं कागद शेवटपर्यंत वाचला. मुलाचें म्हणणें सर्वस्वी खोटें नव्हतें. घाई तेवढी खोटी होती.

ठरलें असें कीं, जुन्या पायावर आणखी एक रुपया घालावयाचा नाहीं. श्रावणांतील शनिवारांच्या कमाईंतून कांहीं रक्कम बाजूस काढावयाची, मुलानें सुटींतील कामाचे पैसे त्यांत घालावयाचे, आणि हप्ता न करतां नवा पाया घ्यावयाचा. एसएसडी त्यांत जाईल. जुन्या यंत्रांत पूर्वींची डिस्क परत बसवून त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालावयाची, आणि तें बहिणीच्या अभ्यासासाठीं ठेवावयाचें. तेंही थकेल तेव्हां भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकतां, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडे तें पोहोंचतें करावें.

यंत्र जुनें कीं नवें, हा प्रश्न केवळ वयाचा नाहीं. पाया शाबूत असेल तर जीर्णोद्धार हा शहाणपणा होय. पाया खचला असेल तर तोच उधळेपणा ठरतो. कोणता प्रसंग आहे हें कळण्यासाठीं आधीं झाकण उघडावें लागतें, आणि तें पैसेवाल्यानें व माहीतगारानें मिळून उघडावें. त्या सोमवारीं सायंकाळीं बहीण जुन्या यंत्रापाशीं येऊन बसली आणि म्हणाली, “दादा, हें माझें होणार असेल, तर आतांपासून धूळ मीच पुसत जाईन.”