पेट्रोलांतील तेलाचें माप

ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें आणि श्रीवर्धन, दिवेआगर या बाजूच्या नारळी-पोफळीच्या कित्येक वाड्या एका दिवसांत आडव्या झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेलीं झाडें अंगणांत, छपरांवर आणि रस्त्यांवर पडलीं. अशा वेळीं कुऱ्हाड अपुरी पडते आणि सर्वांची नजर साखळीच्या करवतीकडे, म्हणजे चेन-सॉ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या यंत्राकडे वळते. शहरांत राहणाऱ्या व गांवीं वाडी असणाऱ्या कुटुंबांतहि हें यंत्र आतां दिसूं लागलें आहे. परंतु वर्षांतून दोन-चार वेळां वापरावयाचें हें यंत्र नेमकें गरजेच्या दिवशींच बंद पडतें, आणि कारागीर एंजिन उघडून पाहतो, तेव्हां दोष पुष्कळदां यंत्राचा नसून त्याच्या टाकींत ओतलेल्या मिश्रणाचा असतो. त्या मिश्रणांत तेल किती असावें, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु कित्येक हजार रुपयांच्या यंत्राचें आयुष्य त्यावर अवलंबून असतें.

मुळांत पेट्रोलांत तेल घालावयाचेंच कशाला? मोटारीच्या एंजिनांत तळाशीं तेलाचा सांठा असतो. तेंच तेल पुन्हां पुन्हां फिरून सर्व भागांना वंगण पुरवितें. चेन-सॉचें एंजिन बहुधा दोन-धावी, म्हणजे टू-स्ट्रोक असतें. हवा व पेट्रोल यांचें मिश्रण पिस्टनच्या खालच्या बंद पेटींतून, म्हणजे क्रँककेसमधून, वर सिलिंडरांत जातें. ही योजना इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे या एंजिनिअरानें १८९० च्या सुमारास सिद्ध केली. पेटींतून मिश्रणच वाहत असल्यामुळें तेथें तेलाचा सांठा ठेवतां येत नाहीं. म्हणून वंगणाचें तेल पेट्रोलाबरोबरच पाठवावें लागतें. या रचनेमुळें यंत्र हलकें होतें आणि आडवें, तिरपें, उलटें, कसेंहि धरलें तरी चालतें. आंद्रेआस श्टील याच्या जर्मन कारखान्यानें १९२९ मध्यें काढलेली पेट्रोलची करवत सुमारें ४६ किलो वजनाची असून ती चालविण्यास दोन माणसें लागत. आज घरगुती करवतीचें एंजिन एक माणूस सहज उचलतो. मात्र या सोयीची किंमत अशी कीं, वंगणाचा प्रत्येक थेंब एकदांच उपयोगी पडतो आणि जळून जातो. तो थेंब पोंचला नाहीं, तर एंजिनाला दुसरा आधार नाहीं. ज्या घरांत एके काळीं ‘बजाज चेतक’ स्कूटर होती, तेथील वडील मंडळींना पेट्रोल-पंपावर मापानें तेल घालून घेतल्याचें स्मरत असेल. तत्त्व तेंच, फरक इतकाच कीं, करवतीचें एंजिन मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांपर्यंत जातें व त्याला गार ठेवावयास हवेच्या झोताखेरीज कांहीं नसतें.

आतां मापाकडे वळावें. यंत्राच्या पुस्तिकेंत ५० : १ असा आंकडा असतो. त्याचा अर्थ पन्नास भाग पेट्रोलास एक भाग तेल. म्हणजे एक लिटर पेट्रोलांत २० मिलिलिटर, पांच लिटरांत १०० मिलिलिटर. ४० : १ असल्यास लिटरला २५, आणि २५ : १ असल्यास ४० मिलिलिटर. येथें एक चूक वारंवार होते. पन्नास हा आंकडा पाहून लिटरला ५० मिलिलिटर तेल ओतलें जातें. तें माप २० : १ झालें, म्हणजे हव्या त्या तेलाच्या अडीच पट! हजारास प्रमाणाच्या मोठ्या आंकड्यानें भागिलें कीं लिटरमागें किती मिलिलिटर तें निघतें. एवढा हिशेब ध्यानांत ठेवला तरी पुरे.

परंतु ५० : १ हा कांहीं सृष्टीचा नियम नव्हे. पूर्वीच्या एंजिनांना १६ : १ किंवा २० : १ इतकें तेल लागे, कारण त्या काळचें तेल साधें होतें. तेल सुधारत गेलें तसतसें त्याचें प्रमाण उतरत गेलें. म्हणून प्रमाण ठरवितांना यंत्राइतकाच तेलाचा विचार अवश्य आहे. स्टील कंपनी आपल्या तेलासाठीं ५० : १ सांगते, पण तिच्याच यंत्रांत दुसरें साधें टू-स्ट्रोक तेल वापरावयाचें झाल्यास २५ : १ सांगते. हुस्कवार्ना कंपनी आपल्या किंवा तत्सम उच्च प्रतीच्या तेलास ५० : १ आणि इतर तेलास ३३ : १ सांगते. एकाच यंत्राला दोन प्रमाणें असण्यांत विरोध नाहीं. तेल बदललें म्हणून माप बदललें. तेलाची प्रत ओळखण्यासाठीं डब्यावर जपानी मानकाचीं अक्षरें पाहावीं : एफ्‌-बी, एफ्‌-सी व एफ्‌-डी. यांत एफ्‌-डी सर्वांत वरची. ती कमी धूर करते व काजळीहि कमी धरूं देते. मोटारीचें एंजिन-तेल येथें कधींहि घालूं नये; तें जळण्यासाठीं केलेलें नसतें व त्याची राख प्लगवर बसते. पाण्यानें थंड होणाऱ्या बोटींच्या एंजिनांचें तेल वेगळें, आणि करवतीच्या साखळीवर पडणारें तेल तर अगदींच वेगळें. त्याची टाकीहि निराळी असते.

तेल कमी पडल्यास काय होतें तें उघड आहे. पिस्टन व सिलिंडर यांमधील पातळ पडदा तुटतो, धातूवर धातू घासतो, पिस्टनवर उभे ओरखडे उठतात आणि शेवटीं एंजिन जाम होतें. चुकून निव्वळ पेट्रोल भरलें गेलें, तर हा सर्व प्रकार कांहीं मिनिटांत घडूं शकतो. उलट तेल फार झाल्यास नाश इतका झटपट होत नाहीं. पण प्लग ओला होतो, धूर निघण्याच्या वाटेवर काजळी सांचते, शक्ति उतरते, आणि तो धूर करवत धरणाऱ्याच्याच नाकातोंडांत जातो. दोन चुकांपैकीं थोड्याशा जादा तेलाची चूक सौम्य, असें म्हणण्यास हरकत नाहीं. घरांत करवत, गवत कापण्याचें यंत्र व फवारणीचा पंप अशीं दोन-तीन टू-स्ट्रोक यंत्रें असून डबा एकच ठेवावयाचा असेल, तर ज्या यंत्राला अधिक तेल लागतें त्याचें प्रमाण सर्वांना धरावें, तें याचसाठीं.

मात्र जादा तेल घातलें म्हणजे एंजिन अधिक गार राहील, ही समजूत बरोबर नाहीं. ५० : १ च्या हजार भाग मिश्रणांत पेट्रोल सुमारें ९८० भाग असतें, २५ : १ मध्यें तें सुमारें ९६२ भागच उरतें. कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांतून तितकेंच मिश्रण जातें, पण त्यांत पेट्रोल कमी. म्हणजे हवेच्या मानानें इंधन विरळ झालें. विरळ इंधनानें एंजिन तापतें. म्हणून प्रमाण बदललें कीं कार्ब्युरेटरची जुळणी जाणत्या कारागिराकडून पाहून घ्यावी. कांहीं नवीं यंत्रें ही जुळणी आपोआप करतात. तात्पर्य, एक प्रमाण ठरवावें आणि त्यालाच चिकटून राहावें. दर वेळीं अंदाजानें कमी-जास्त करणें हेंच सर्वांत वाईट.

तेलाचें माप अचूक असूनहि घात करणारी एक गोष्ट राहते; ती म्हणजे पेट्रोलाचें वय. मिश्रण साधारणपणें एक महिन्याच्या आंत वापरावें असें निर्माते सांगतात. त्यांतच भारतांत २०२५ पर्यंत पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गांठला गेला. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषतें. कोंकणच्या दमट हवेंत अर्धवट भरलेल्या डब्यांत पाणी वाढत गेलें, तर इथेनॉल व पाणी एकत्र होऊन पेट्रोलापासून वेगळे होतात आणि तळाशीं बसतात. त्या थरांत वंगणाचें तेल जवळजवळ नसतें, आणि टाकींतील नळी नेमकी तळाचेंच द्रव्य ओढते. कार्ब्युरेटरच्या रबरी पडद्यासहि इथेनॉल बाधतें. पुष्कळ निर्माते १० टक्क्यांहून अधिक इथेनॉल नको असें लिहितात. तेव्हां पुस्तिकेंतील मर्यादा वाचून विक्रेत्याकडे योग्य इंधनाची चौकशी आधींच करावी.

मिसळण्याची रीति सोपी आहे. पेट्रोलसाठींच केलेला स्वच्छ डबा घ्यावा; पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत पेट्रोल कधींहि ठेवूं नये, कारण घरांत लहान मुलें असतात. अर्धें पेट्रोल ओतावें, मापाच्या भांड्यानें तेल घालून डबा हलवावा, मग उरलेलें पेट्रोल घालून पुन्हां हलवावा. तेल यंत्राच्या टाकींत परस्पर ओतूं नये. डब्यावर प्रमाण व तारीख लिहावी आणि दर वेळीं भरण्यापूर्वीं डबा हलवावा. जवळपास विस्तव किंवा विडी नसावी, एंजिन निवलेलें असावें, आणि भरल्या जागेपासून निदान तीन मीटर दूर जाऊन मगच यंत्र सुरू करावें. काम संपलें कीं टाकी रिकामी करून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें व मगच तें ठेवून द्यावें.

वादळाची सूचना आतां दोन-तीन दिवस अगोदर मिळते. त्या सूचनेनंतर कोपऱ्यांतील गेल्या पावसाळ्याचा डबा शोधण्याऐवजीं एक लिटर ताजें पेट्रोल व पुस्तिकेंत सांगितलेल्या मापाचें तेल एवढें सिद्ध ठेवलें, तर दाराशीं माड आडवा पडलेला असतां दोरी ओढणाऱ्याला हताश होण्याची वेळ येणार नाहीं.