शिपाई आपण झालो, आता अधिकारी होऊ
(खुलताबाद येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही मोठे वक्ते नाही. सूतगिरणीत तुटलेला धागा जोडता जोडता आमचं आयुष्य गेलं. पण आज एका तुटलेल्या धाग्याबद्दलच बोलायचं आहे.

पलटण आपल्याला नवीन नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते, पलटणीच्या शाळेत शिकवीत. पुढे इंग्रजांनी आपली भरती बंद केली. 1894 साली गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा कुठे दार पुन्हा उघडलं. म्हणजे शिपाई होण्यासाठीसुद्धा आपल्या माणसांना भांडावं लागलं. आज भरती निघाली की आपली पोरं पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. चांगली गोष्ट आहे. पण त्यातल्या किती जणांना ठाऊक आहे, की अधिकारी होण्याची वाट कॉलेजातून जाते?

आम्हालाही ठाऊक नव्हतं. कॉलेजात दोन वर्षं एन.सी.सी. केली, 'बी' सर्टिफिकेट मिळवलं. तिसऱ्या वर्षी घरची ओढाताण झाली आणि आम्ही गिरणीत लागलो. 'सी' सर्टिफिकेट राहिलं ते राहिलंच. पुढे कितीतरी वर्षांनी शेजारच्या मुलाचा फॉर्म भरताना वाचलं, की 'सी' सर्टिफिकेट आणि पदवीला पन्नास टक्के असतील, तर लेखी परीक्षेशिवाय थेट एस.एस.बी.च्या मुलाखतीला अर्ज करता येतो. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. आम्ही निवडलो गेलो असतो असं म्हणत नाही. पण दार कुठं आहे हे तरी कळायला हवं होतं.

दुसरं दार तर आपल्या उंबऱ्याशी आहे. इथून दौलताबादचा घाट उतरला की छत्रपती संभाजीनगर. तिथे राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून आहे. दहावीच्या वर्षी प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत द्यायची. निवड झाली की तिथे राहायचं, अकरावी-बारावी शहरातल्या कॉलेजात करायची, आणि सोबत खडकवासल्याच्या एन.डी.ए.ची तयारी. सकाळी पी.टी., दिवसा कॉलेज, बाकी वेळ अभ्यास. मुलींसाठी अशीच संस्था 2023 साली नाशिकला निघाली. एन.डी.ए.त मुली 2022 पासून जाऊ लागल्या. पहिल्या सतरा जणी 2025 च्या मे महिन्यात बाहेर पडल्या. तेव्हा आयाबायांनो, पोरीच्या लग्नाची घाई करू नका.

हे सोपं नाही, तेही सांगतो. एन.डी.ए.ची लेखी परीक्षा नऊशे मार्कांची. त्यात गणित तीनशे, इंग्रजी दोनशे. आपली पोरं इथंच अडतात. पुढे पाच दिवसांची एस.एस.बी., तिचेही नऊशे. तिथे गटात बोलावं लागतं, पुढं होऊन काम करावं लागतं. मग डोळे, दात, पाय तपासतात. पुष्कळ मुलं परत येतात. पण परत आलेला मुलगासुद्धा रिकाम्या हातानं येत नाही. शिस्त, गणित आणि चार माणसांत बोलायची हिंमत त्याच्याजवळ राहते.

म्हणून समितीला आमची विनंती आहे. दर रविवारी वंदनेनंतर एक तास आठवी ते दहावीच्या मुलांचं गणित आणि इंग्रजी घ्या. शिकवायला शिक्षक आपल्यातच आहेत. प्रवेशपरीक्षेची जाहिरात निघाली की विहाराच्या फळ्यावर आम्ही स्वतः खडूनं लिहू. कॉलेजातल्या पोरांनो, एन.सी.सी. नाश्त्यासाठी करू नका आणि मध्येच सोडूही नका. घरची अडचण आली तर आधी इथं येऊन सांगा. आमच्या वेळी असं सांगायला जागा नव्हती. आता हा विहार आहे.