शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्याचें मन



शस्त्रक्रियेची तारीख ठरली कीं घरांत काय घडतें, हें आपण सर्व जाणतों. अंतर्गळ असो वा पित्ताशयांतील खडे, रोगी गप्प होतो, त्यास रात्रीं झोंप येत नाहीं, आणि भेटावयास आलेला प्रत्येकजण म्हणतो, "विश्वास ठेव, भिऊं नको." शब्द प्रेमाचे खरे, परंतु आमच्या मतें त्यांनीं रोग्यावर दुसरें ओझें पडतें. भीति तर जात नाहींच, वर आपली श्रद्धा उणी पडली अशी रुखरुख लागते. गेथशेमाने बागेंत प्रभु येशू स्वतः व्याकुळ झाला होता. भय वाटणें म्हणजे अश्रद्धा नव्हे.

हें भय पुष्कळ अंशीं अज्ञानांतून उपजतें. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत, जेथें १८४६ सालीं ईथरच्या भुलीचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला होता, लॉरेन्स एगबर्ट या भूलतज्ज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रोग्यांचा अभ्यास करून तो १९६४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील कांहीं रोग्यांस भेटून, शुद्धीवर आल्यावर कोठें दुखेल, श्वास कसा घ्यावा, कुशीवर कसें वळावें, हें समजावून सांगितलें होतें. त्यांस वेदनाशामक औषध इतरांच्या सुमारें निम्म्यानें पुरलें. कोणास सांगितलें व कोणास नाहीं, हें शल्यविशारदांस ठाऊकही नव्हतें.

यास्तव मनांतील प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांस निःसंकोच विचारावे. मद्यपानाची संवय भूलतज्ज्ञांपासून लपवूं नये. जांवई शेजारीं बसला आहे म्हणून खोटें सांगणारे आम्हांस ठाऊक आहेत! मनाच्या आजाराच्या गोळ्या चालूं असतील तर तेंही सांगावें. आपल्या विचारानें त्या बंद करूं नयेत. उदासी दोन आठवडे हटली नाहीं, अन्न गोड लागेना, जगणें नकोसें झालें, तर "काळजीनें होतेंच" म्हणून सोडून देऊं नये. तो स्वतंत्र आजार असूं शकतो, आणि त्यावर उपचार आहे.

आतां एक गोष्ट विशेषेंकरून आपल्या ख्रिस्ती घरांची. "फादरांना तेल घेऊन बोलावूं नका, बाबा खचतील," असें मुलें म्हणतात. पूर्वीं या साक्रामेंतास अंत्याभ्यंग म्हणत, आणि तें नांव मनांतून अद्याप गेलेलें नाहीं. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं रुग्णाभ्यंग हेंच नांव अधिक योग्य ठरविलें. १९७२ च्या नव्या विधींत तर, गंभीर आजारासाठीं शस्त्रक्रिया होणार असल्यास तत्पूर्वीं अभ्यंग देतां येतो, असें स्पष्ट म्हटलें आहे. हा मरणाऱ्याचा निरोप नव्हे, आजाऱ्याचें बळ आहे. मात्र तो ऐन वेळीं, ढकलगाडीवर निजविल्यावर नको. घरून निघण्यापूर्वींच्या संध्याकाळीं, रोगी बसलेला असतां व नातवंडें भोंवतीं असतां तो घ्यावा. ख्रिस्तप्रसादही तेव्हांच घ्यावा, कारण शस्त्रक्रियेच्या सकाळीं पोट रिकामें ठेवावयाचें असतें. मग जपमाळ मात्र फार लांबवूं नये. रोग्यास झोंपूं द्यावें.