नांगर टाकण्याचा हक्क



वसंत व्याख्यानमालेत मोठमोठे विषय होतात. आजचा विषय त्या मानाने लहान आहे. बंदरात आलेल्या बोटीने कोठे थांबायचे, किती वेळ थांबायचे आणि कोणाच्या परवानगीने थांबायचे, एवढाच. आपल्या गावाला समुद्र नाही, मग हे कशाला ऐकायचे, असे कोणाच्या मनात आले तर ते साहजिक आहे. परंतु बाजारपेठेत हातगाडी लावणाऱ्याला विचारा, स्टँडवर रिक्षा लावणाऱ्याला विचारा. ज्याचा धंदा चाकावर किंवा पाण्यावर आहे, त्याच्या पोटाचा प्रश्न शेवटी उभे राहण्याच्या जागेवर येऊन ठेपतो. हातगाडीवाल्याला हुसकले तर तो निदान गल्लीत शिरतो. बोटीला गल्ली नसते.

मी शाळा लवकर सोडली. कायद्याची पुस्तके वाचायला शिकलो ती गरज पडली म्हणून. खलाशांची कामे घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या म्हणून. तेव्हा मी पंडिताच्या अधिकाराने बोलत नाही. जे पाहिले आणि पडताळून घेतले, तेवढे सांगतो.

आपल्या भाषेत शेतकऱ्याच्या औताला नांगर म्हणतात आणि बोटीच्या लोखंडी आकड्यालाही नांगर म्हणतात. एकाचा जमिनीतून चालतो, दुसऱ्याचा जमिनीला धरून बसतो. दोघांचेही पोट मात्र त्यावरच असते. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पाण्यात चार मीटरांहून अधिक फरक पडतो, म्हणजे एका मजल्याहून जास्त. दोर आखूड बांधला तर ओहोटीला बोट धक्क्याला लटकते, सैल सोडला तर शेजारच्या बोटीवर आदळते. म्हणून बोट बांधून ठेवली तरी तिच्यावर माणूस लागतो. ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला हंगामात गेलात तर एका बोटीला दुसरी, दुसरीला तिसरी अशा बोटी बांधलेल्या दिसतील. मागच्या बोटीची मासळी पुढच्या बोटींच्या फळ्यांवरून धक्क्याला येते. ससून डॉक १८७५ साली बांधून झाला, तेव्हा तो व्यापाराच्या मालासाठी होता. त्या वेळी आजच्याइतक्या यांत्रिक मच्छीमार बोटी त्यात उभ्या राहतील, असे कोणाच्या स्वप्नातही नसेल. जागा थोडी, मागणारे पुष्कळ. म्हणून नियम हवेत, हे मी आरंभीच मान्य करतो. नियमांच्या विरुद्ध भाषण करायला मी आलेलो नाही.

नियम नसला, किंवा असून पाळला नाही, तर काय होते ते मुंबईने पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटले. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि जोडीला कापसाच्या गासड्या. असला माल आणणाऱ्या जहाजाने गोदीपासून दूर नांगर टाकावा आणि माल पडावांतून उतरवावा, ही शांततेच्या काळातली रीत. युद्धाच्या घाईत ती बाजूला ठेवली गेली आणि जहाज थेट गोदीत, वस्तीच्या उशाशी आले. धोक्याचा लाल बावटाही त्यावर नव्हता. शेकडो माणसे मेली. आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक जवान गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर पाळला जातो. नांगर कोठे टाकायचा हा कारकुनी प्रश्न आहे असे ज्याला वाटते, त्याने ही तारीख लक्षात ठेवावी.

दुसरी तारीख कोकणातल्या घराघराला पाठ आहे. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट ऐन पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. जी वाचली, त्यांतल्या कित्येकांना कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. तिसरी तारीख अगदी अलीकडची. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. दोन्ही बोटींवरची मिळून १५ माणसे दगावली. धडक कोणी दिली हा एक प्रश्न. पण परवाना ८४ प्रवाशांचा असताना बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती, हे पुढे आले. परवान्यावर आकडा होता. तो धक्क्यावर मोजायला कोणी नव्हते. त्यानंतर दोन दिवसांत प्रवाशांना जीवरक्षक जाकिटांची सक्ती झाली. आपल्याकडे नियमाला जाग येते ती अशी, प्रेतयात्रा निघाल्यावर.

आता हे नियम करतो कोण, ते पाहू. सामान्य माणसाला वाटते की मुंबई शहर म्हणजे महानगरपालिका. परंतु बंदराच्या पाण्यावर पालिकेचे राज्य नाही. मुंबई बंदरासाठी १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. २०२१ च्या कायद्याने त्याचे बंदर प्राधिकरण झाले. राज्यातल्या लहान बंदरांसाठी १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळ आहे. मासेमारीचा परवाना १९८१ च्या राज्य कायद्याखाली मत्स्यव्यवसाय खाते देते. बोटीची नोंदणी निराळी, प्रवासी बोटीची तपासणी निराळी. त्याखेरीज सागरी पोलीस, तटरक्षक दल, कस्टम आणि नौदल आहेत. एका बोटीला इतके धनी! आणि प्रत्येक धनी निराळा कागद मागतो.

या सर्वांच्या मुळाशी १९०८ चा भारतीय बंदर कायदा होता. बंदरात बोट कोठे बांधायची, केव्हा हलवायची, हे सांगण्याचा अधिकार त्याने बंदराच्या अधिकाऱ्याला दिला. भाड्याने चालणाऱ्या होड्यांना परवाना देण्याचे आणि त्यांत किती माणसे बसवायची ते ठरवण्याचे नियमही त्याच कायद्याखाली होत. हा कायदा इंग्रजांनी केला तो त्यांच्या व्यापारासाठी. तो २०२५ साली रद्द होऊन नवा भारतीय बंदर कायदा आला. नव्यातही बंदर अधिकाऱ्याचा हा अधिकार कायम आहे, आणि तो असलाच पाहिजे. वादळ आले असताना सभा भरवून मते घेता येत नाहीत. पण वादळ वर्षातून चार दिवस असते. उरलेल्या दिवशी तोच अधिकार ‘मी सांगतो म्हणून’ या रीतीने चालतो, तेथे माझे भांडण आहे.

२६ नोव्हेंबर २००८ नंतर कागद आणखी वाढले. ‘कुबेर’ नावाची मच्छीमार बोट पळवून, तिच्यावरच्या खलाशांना आणि तांडेलाला ठार करून अतिरेकी मुंबईला आले, हे आपण जाणता. पुढे खलाशांना ओळखपत्रे आली, बोटींना राज्यवार रंग ठरले, समुद्रात जाण्यापूर्वी टोकन घेणे आले. देशाच्या रक्षणासाठी हे योग्यच आहे, आणि कोळी समाजाने त्याला कधी विरोध केलेला नाही. पण एक गोष्ट विसरली जाते. त्या हल्ल्यात पहिले बळी गेले ते खलाशी होते. ज्याच्यावर संकट आले, त्यालाच रोज संशयित म्हणून उभे करायचे आणि कागदावर शिक्का नाही म्हणून ताटकळत ठेवायचे, हा न्याय नव्हे.

ताटकळणे म्हणजे काय ते सांगतो. मोठ्या बोटी आठ-आठ, दहा-दहा दिवस समुद्रात असतात. परत येताना बर्फ संपत आलेला असतो. धक्क्यावर जागा मिळायला अर्धा दिवस उशीर झाला की मासळीचा भाव पडतो. मालकाचे नुकसान होते हे खरे; पण डिझेल, बर्फ, किराणा हा सगळा खर्च आधी वजा होऊन उरलेल्यातून जेथे खलाशाची वाटणी निघते, तेथे त्याच्या हाती काय उरते त्याचा हिशेब आपणच करा. एका बंदरात मी असे पाहिले की बोटीचा एक दाखला नूतनीकरणासाठी कचेरीतच पडून होता, आणि तोच दाखला दाखवा म्हणून बोट अडवली होती. कागद ज्यांच्याकडे, तेच कागद मागणारे! लेखी कारण द्या म्हटले तर लेखी देण्याची पद्धत नाही, असे उत्तर मिळाले. जेथे नकार लेखी नसतो तेथे त्याला किंमत फुटते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मी अधिक बोलत नाही.

आणि परवाना असतो कोणाच्या नावावर? मालकाच्या. तो रद्द झाला तर नोटीस जाते मालकाला. रोजगार मात्र बुडतो दहाबारा खलाशांचा, आणि त्यांना कोणी एका शब्दाने विचारत नाही. गिरणीला टाळे लागले तर कामगार दारावर सभा घेतो. बोटीला टाळे लागले तर खलाशी गाठोडे उचलून गावी जातो. ही माणसे पालघर, रायगड, रत्नागिरीची असतात तशी उत्तर प्रदेशची आणि नेपाळचीही असतात. त्यांना या शहरात मत नाही, म्हणून त्यांचे म्हणणे ऐकायची कोणाला घाईही नाही.

कागदाची दुसरी बाजूही पाहा. मुंबईतल्या कोळीवाड्यांत होडी कोठे बांधायची हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने ठरलेले आहे. हा खुंट अमक्याचा, तो तमक्याचा, हे सगळा वाडा जाणतो. पावसाळा आला की लहान होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या, त्याचीही जागा ठरलेली. कागद कोठेच नाही. मग शहराची मोठी योजना येते आणि नकाशावर ती जागा मोकळी दिसते. वरळीला सागरी रस्त्याच्या पुलाचे खांब असे ठरले होते की होड्यांच्या वाटेवर दोन खांबांत ६० मीटर अंतर राहील. उधाणात, वाऱ्यात, प्रवाहात तेवढ्यातून होडी काढणे म्हणजे जिवाशी खेळ, असे तेथील कोळी सांगत राहिले. त्यांनी काम अडवले, चर्चा केल्या, आणि २०२२ च्या अखेरीस एक खांब वगळून ते अंतर १२० मीटर करण्याचे सरकारने मान्य केले. त्यांची मागणी त्याहून अधिक होती. पण एवढे मिळाले तेही संघटना होती म्हणून. वहिवाटीला कागद नसेल तर संघटना हाच तिचा कागद, हे त्या लढ्याने शिकवले.

मग करायचे काय? नुसती तक्रार करून उठणे मला पसंत नाही. माझ्या चार मागण्या आहेत, आणि त्यांतली एकही चंद्र मागणारी नाही.

पहिली: प्रत्येक धक्क्यावर मराठीत फलक लागावा. कोणत्या बोटीला कोणते कागद लागतात, शुल्क किती, जागा कोणत्या क्रमाने मिळते, हे त्यावर असावे. हिंदी भाषिक खलाशांसाठी तोच मजकूर हिंदीतही असावा.

दुसरी: अर्जाचा निकाल ठरल्या मुदतीत व्हावा, आणि नकार द्यायचा तर तो कारणासह लेखी द्यावा. यात नवे काही नाही. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. ज्या सेवा त्याखाली अधिसूचित होतात त्यांना मुदत आणि अपील दोन्ही मिळतात. धक्क्यावरची जागा आणि बोटींचे सर्व दाखले त्यात आणावेत.

तिसरी: बंदराच्या कारभारात खलाशाला आवाज हवा. १९६३ च्या मोठ्या बंदरांच्या कायद्यात शिडाच्या गलबतांच्या मालकांना विश्वस्त मंडळावर जागा देण्याची तरतूद होती. २०२१ च्या कायद्यात बंदराच्या नोकरांचे दोन प्रतिनिधी मंडळावर आहेत. फार चांगले. पण रोज धक्का वापरणारा खलाशी ना या नोकरांत, ना त्या मालकांत. फेरीवाल्यांसाठी २०१४ साली केंद्राने कायदा केला आणि नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के जागा फेरीवाल्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींना दिल्या. त्याची अंमलबजावणी रडतखडत चालली आहे, हे मला माहीत आहे. पण तत्त्व मान्य झाले. रस्त्यावरच्या माणसाला जे दिले ते पाण्यावरच्या माणसाला का नको?

चौथी: सुरक्षिततेच्या नियमाला सूट नको. प्रवाशांचा आकडा, जीवरक्षक जाकिटे, १ जून ते ३१ जुलैची यांत्रिक मासेमारीची बंदी, यांत आमच्या माणसानेही ढिलाई मागू नये. मागितली तर युनियनने त्याची बाजू घेऊ नये. जादा प्रवासी भरण्याचा हुकूम मालकाचा असतो आणि बुडताना खलाशी बरोबर असतो. म्हणून जादा भरलेली बोट सोडायला नकार देण्याचा हक्क तांडेलाला हवा, आणि त्या नकाराबद्दल त्याची नोकरी जाता कामा नये.

कोणी म्हणेल, इतके हक्क दिले तर बंदरात शिस्त कशी राहणार? माझा अनुभव उलट आहे. ज्या नियमाचे कारण माणसाला समजते तो नियम तो पाळतो. वादळाची खबर आली की गुजरातच्या, कर्नाटकच्या बोटी देवगडसारख्या बंदरात आसऱ्याला येतात. तेव्हा कोणी प्रांत विचारत नाही. स्थानिक माणूस आपली बोट सरकवून परक्याचा दोर धरतो. जी माणसे मरणाच्या वेळी इतकी शिस्त पाळतात, त्यांना रोजच्या कारभारात बेशिस्त समजणे हा त्यांचा अपमान आहे.

परवाना ही मेहेरबानी नव्हे. तो सरकार आणि कामकरी यांच्यातला करार आहे. तुम्ही नियम पाळा, आम्ही जागा देऊ, असा. करारात दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंना तो वाचता आला पाहिजे. आपण पुढच्या वेळी घारापुरीला किंवा मांडव्याला जाल तेव्हा बोटीत चढण्यापूर्वी दारावरचा प्रवाशांचा आकडा वाचा आणि माणसे मोजा. जास्त असतील तर चढू नका, आणि का चढत नाही ते मोठ्याने सांगा. एवढे केलेत तरी त्या तांडेलाला आधार मिळेल आणि आजची माझी खेप फुकट गेली असे मी म्हणणार नाही.