डाव्या पायाची नीला

हृदयातून निघालेली महारोहिणी पाठीच्या कण्यापुढून खाली उतरते आणि बेंबीच्या सुमारास तिला दोन शाखा फुटतात. पायांतील रक्त वर नेणारी महानीला तिच्या उजव्या अंगास असते. त्यामुळे डाव्या पायाकडून येणाऱ्या नीलेस कणा ओलांडून आडवे जावे लागते आणि नेमक्या त्याच जागी उजव्या पायाकडे जाणारी रोहिणी तिच्यावरून जाते. मागे मणक्याचे हाड, पुढे अहोरात्र ठोके देणारी जाड भिंतीची रोहिणी! मधल्या नीलेची स्थिती अगदी अडकित्त्यातील सुपारीसारखी नसली, तरी सुखाची खचितच नव्हे.

पायातील रक्ताच्या गुठळ्या डावीकडे अधिक आढळतात, हे रुडॉल्फ फिरखो या जर्मन रोगशास्त्रज्ञाने 1851 मध्येच टिपून ठेवले होते. पुढे मे आणि थर्नर यांनी 430 शवांची तपासणी केली. त्यांपैकी सुमारे 22 टक्के शवांत दाबाच्या जागी नीलेच्या आत पडद्यासारख्या गाठी त्यांना आढळल्या. हे संशोधन 1957 मध्ये प्रसिद्ध झाले व विकारास त्या दोघांचे नाव मिळाले. रोहिणीच्या सततच्या ठोक्यांनी नीलेचे अस्तर दुखावते व जाड होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

असा थोडाफार दाब पुष्कळ निरोगी माणसांतही असतो व त्यांना त्याची जाणीवही नसते. विकार म्हणावा अशी अवस्था मात्र विरळा. गर्भारपण, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा दीर्घकाळ अंथरुणास खिळणे यांची भर पडली, की मंदावलेले रक्त गोठते. विशीपासून चाळिशीपर्यंतच्या स्त्रियांत हे अधिक दिसते. बाळंतिणीचा डावा पाय एकाएकी मांडीपर्यंत सुजला, तर घरातील वडीलधारी माणसे वाताचे निदान करून तेल चोळावयास बसतात. माया खरी, पण उपाय घातक. कारण चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. एकाच पायाची सूज त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. दम लागला वा छातीत दुखले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

दाबाची जागा ओटीपोटात खोल असल्यामुळे पायाच्या साध्या सोनोग्राफीत ती निसटू शकते. त्यासाठी सीटी किंवा एमआरआय करावे लागते. रक्त पातळ ठेवणारी औषधे गुठळी वाढू देत नाहीत, परंतु दाब हटवीत नाहीत. म्हणून निवडक रुग्णांत बारीक नळीवाटे गुठळी विरघळवून वा काढून नीलेत धातूच्या जाळीचा स्टेंट बसवितात. त्यानंतरही औषधे चालूच राहतात. किती काळ, ते डॉक्टर रुग्णागणिक ठरवितात.