विकणारे पुष्कळ, परत करणारा कोण?

 

संमेलनाच्या कार्यवाहांनी मला अध्यक्षीय भाषणासाठी विषय दिला आहे : ‘कार्यक्रम आणि तिकीटविक्रीची वेब ॲप्लिकेशन्स, एक आढावा’. तर आढावा असा. पूर्वी नाटकाचा प्लॅन नाट्यगृहाच्या खिडकीवर उघडायचा आणि बुकिंग क्लार्क पेन्सिलीने खुर्चीवर फुली मारायचा. आता तोच प्लॅन मोबाइलवर उघडतो. 2016मध्ये यूपीआय आले आणि बाल्कनीचे प्रेक्षकही घरबसल्या पैसे भरू लागले. झाला आढावा.

आता बरीच वर्षे पोटात ठेवलेले बोलतो. आपण सगळे विकायचे सॉफ्टवेअर लिहितो, पैसे परत करायचे कोणी लिहीत नाही. कुठलाही डेमो बघा. ‘कार्यक्रम तयार करा’ हे बटण ठळक, हिरवेगार. ‘कार्यक्रम रद्द करा’ कुठे आहे ते दाखवा म्हटले की उत्तर तयार : “सर, ते फेज टूमध्ये आहे.” ही फेज टू मला अजून कोणी दाखवलेली नाही.

सकाळच्या सत्रात एकच मोठे ॲप्लिकेशन असावे की छोट्या छोट्या सर्व्हिसेस, यावर हमरीतुमरी झाली. माझ्यापुरता हा वाद ठाण्यात एका रविवारी मिटला. प्रयोग दुपारी साडेचारचा. दोनच्या सुमारास निर्मात्याचा फोन आला : नायकाचा आवाज बसलाय, प्रयोग रद्द. खिडकीवरच्या क्लार्कने तिकीट घ्यायचे, प्लॅनवर खुर्ची बघायची, तिकीट फाडायचे, नोटा मोजून द्यायच्या. पाचच्या आत त्याचा हिशेब बंद. ऑनलाइनवाल्यांची नोंद एका सर्व्हिसकडे, पैशांची माहिती दुसरीकडे, आणि दोघींचा ताळा जुळेना. एका बाईंनी चार तिकिटे काढून दोन शेजाऱ्यांना दिली होती. शेजारी दारात पैसे मागत होते, यंत्रणा मात्र फक्त बाईंचे खाते ओळखत होती. आणि पैसे होते तरी कुठे? तिकीट कंपनीने ते आगाऊच निर्मात्याला दिलेले, निर्मात्याने जाहिरातीत आणि नाट्यगृहाच्या भाड्यात घातलेले!

तेव्हा सर्व्हिस एक असो की अकरा, पैशांची वही एकच हवी. तिच्यातली ओळ खोडायची नाही, परताव्याची नवी ओळ लिहायची. आणि प्रयोगाचा पडदा पडेपर्यंत त्या रकमेला निर्मात्याने हात लावायचा नाही. निर्माते चिडतील. चिडू देत.

तरुण मित्र विचारतात, दोघांनी एकाच क्षणी एफ-12 या खुर्चीवर बोट ठेवले तर? अहो, प्रयोग आणि खुर्ची या जोडीवर डेटाबेसमध्ये युनिक बंधन घाला, दुसऱ्याला आपोआप नकार मिळतो. खरी गंमत पुढे आहे. खुर्ची राखून ठेवणारा दहा मिनिटांचा होल्ड संपला, खुर्ची दुसऱ्याला गेली आणि मग पेमेंट गेटवेचा निरोप आला की पहिल्याचे पैसे जमा झाले. कधी कधी तोच निरोप दोनदा येतो. म्हणजे प्रयोग ठणठणीत पार पडला तरी परतावा चुकत नाही.

आणि ऑनलाइन तिकिटावरचे ते सेवाशुल्क! 2018पासून नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, आपल्या शुल्काला नाही. प्रयोग रद्द झाला की तिकिटाचे पैसे कधीतरी परत येतात, शुल्क मात्र गडप. ‘अटी वाचा’ असे वर ऐकवले जाते. मी वाचल्या आहेत. आपल्यापैकीच कोणीतरी त्या टाइप केल्या आहेत.

मार्च 2020मध्ये नाट्यगृहांना टाळी लागली, तेव्हा ‘रद्द’ आणि ‘पुढे ढकलला’ यांतला फरक साठवायला कित्येकांच्या टेबलात रकानाच नव्हता. तारीख बदलली की जुने तिकीट चालणार का, हे डोअरकीपरने ठरवायचे!

परताव्याच्या नियमांचा एक नमुना मसुदा संमेलनाने करावा, असे मी सुचवतो. समिती लहान ठेवू. खिडकीवर बसलेला एखादा निवृत्त क्लार्क तीत हवाच. एक-दोन निर्माते चाचणीला तयार होतील असे वाटते, त्यांच्याशी कोणी बोलायचे ते ठरलेले नाही. नावे कार्यवाहांकडे द्या.